तुडूम रडते तवर

आमच्या गावच्या तलावातून पाणी सोडायचं जे तोंड आहे, त्याला तुडूम म्हणतात. पारीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पोटातून दगडी नाली गेलेली, तिच्या तोंडाशी एकाखाली एक भोकं आणि भोकांत लाकडी दट्टे. दट्टा उपसला की पाणी खाली बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, उतरतं. दट्टे कितीही ठोकून बसवले तरी थोडं पाणी झिरपत राहतंच.

भय्याजी हटवार गावचे पाटकरी होते. कोणाच्या बांधीत पाणी कधी जाणार, किती जाणार, हे त्यांच्या हातात असे. तुडुमाचं हे झिरपणं ते कधी बंद करू देत नसत. म्हणायचे, "तुडूम रडते तवर पार हासते." त्यांचं म्हणणं असं की, तुडूम कोरडं पडलं तर एक तर तलावातलं पाणी उतरलं आहे, नाहीतर पाण्याने पारीत दुसरीकडे वाट काढली आहे. म्हणून तुडूम कोरडं दिसलं की ते हातातलं काम टाकून आधी पारीवर चढत आणि पाणी पाहून येत.

त्यांचा मुलगा सुखराम याने हे वाक्य ट्रॅक्टरवर नेलं. पुढचं सगळं त्यातून झालं. मी हे त्याची बायको केशरबाई आणि नंतर ट्रॅक्टर चालवणारा इश्वर या दोघांकडून ऐकलं. इंजिनाचं जे आहे ते माझं, भंडाऱ्याच्या आयटीआयत शिकलेलं.

भय्याजींचं पाटकरीपण मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेल्यानंतर काही वर्षांनी गेलं. तलाव सरकारजमा झाला, तुडुमावर लोखंडी दार बसलं आणि ते फिरवायची चावी पाटबंधारे खात्याच्या माणसाकडे गेली. भय्याजी तरी पहाटे पारीवर जातच राहिले. वाटेत कोणी त्यांना काही विचारत नसे. घरात ते पाहुण्यासारखे वागायला लागले. चूल पेटलेली दिसे, भाताचा वास येई, पण आतून हाक आल्याशिवाय ते पाटावर येऊन बसत नसत. सुखराम तेव्हा विशीत होता. त्याने हे रोज पाहिलं.

१९७६ साली गावच्या सोसायटीने ट्रॅक्टर घेतला. सुखरामने साकोलीजवळच्या एका वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवला होता, लायसन काढलेलं होतं. चाबी त्याला मिळाली. त्या पावसाळ्यात लोखंडी चाकं लावून तो चिखलणीला उतरला, तेव्हा भय्याजी धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, उभे होते. बांधीबांधीतून लोक हाका मारत होते.

"सुखराम, माया बांधीत कवा येतेस गा?"

"तुया बांधीत अजून पानी जमू दे. आधी खालची धरतो."

भय्याजींनी ते ऐकलं. त्या दिवशी ते हाक न येता पाटावर येऊन बसले. केशरबाईने हे मला दोनदा सांगितलं.

ट्रॅक्टरला दोन वर्षं झाली आणि पाणी गळायला लागलं. इंजिनाच्या डोक्यावर पुढच्या बाजूला, जिथून तापलेलं पाणी वरच्या रबरी पाइपाने रेडिएटरकडे जातं, तिथे एक ओतीव तोंड बोल्टांनी बसवलेलं असतं. त्याच्या आत थर्मोस्टॅट असतो, म्हणजे पाणी पुरेसं तापल्यावर उघडणारी झडप. त्या तोंडाच्या बैठकीखालचं पॅकिंग कुजलं होतं आणि सांध्यातून थेंब थेंब पाणी ओघळत होतं. सुखरामने पाना घेतला, बोल्ट आवळले, थेंब थांबला. त्याच दिवशी खालचा पाइप फुटला आणि सगळं पाणी बांधीत गेलं. पाइप जुना झाला होता, तो आज ना उद्या फुटणारच होता. पण भय्याजींनी ओतीव तोंडाकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय आहे?"

"इथून पानी सुटते रेडिएटरले. अंदर दट्ट्यावानी वाल आहे."

"म्हंजे तुडूम. तू रडू नाई देल्लं त्याले. मंग पार फुटनच का नाई?"

सुखरामने नवा पाइप टाकला आणि बोल्ट थोडे सैल केले. थेंब पुन्हा सुरू झाला. तेव्हापासून तो तसाच ठेवायचा ठरला. इंजिनाच्या तापाचा काटा पहिल्याच वर्षी बंद पडला होता, त्याची जागा त्या थेंबाने घेतली. ओघळ दिसतो आहे म्हणजे आत पाणी आहे. ओघळ आटला की डबा घेऊन उतरायचं, रेडिएटरचं झाकण गमछ्याने धरून फिरवायचं आणि पाणी भरायचं. इंजिन चालू असो, तापलेलं असो, तो तसंच करी.

यातली एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नसतं. ते आत दाब धरून ठेवतं आणि दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. एकदम झाकण काढलं की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात उकळून वाफेसकट बाहेर येतं. सुखरामच्या ट्रॅक्टरमध्ये दाब कधी धरलाच नाही, तो त्या सैल सांध्यातून निघून जाई. म्हणून गरम झाकण उघडलं तर भाजतं, हे सगळे ड्रायव्हर सांगत असले तरी सुखरामला ते खोटं वाटे. तो रोज उघडत होता. थोडी वाफ यायची, इतकंच.

गावाने त्याला रडका ट्रॅक्टर नाव ठेवलं. रोवणाऱ्या बाया चिखलात वाकल्या वाकल्या केशरबाईला छेडत, "काय वो केशर, घरी तुले रडवाले जमत नाई, म्हनून ट्रॅक्टरले रडवते का तुया नवरा?"

"तुया घरी पाठवतो त्याले," केशरबाई म्हणे, "मंग पाय कोन रडते तं."

१९८१ च्या उन्हाळ्यात भय्याजी वारले. पुढच्या वर्षी, धानाच्या रोपांचे पऱ्हे हिरवे झालेले असताना, सोसायटीची सभा भरली. अध्यक्ष मधुकरराव शांत माणूस होता, पण त्या दिवशी लोकांनी त्यांचे कान आधीच भरले होते.

"सुखराम, तू चालवतेस चांगला, याच्यात वाद नाई," ते म्हणाले. "पन एका बांधीत तीनदा उतरून पानी पाजा लागते. बैल बी इतकं पेत नाई."

"बैल रडत बी नाई," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"इंजिन खोला लागलं का एकदा तरी?" सुखराम म्हणाला. "थेंब पडते म्हनून वाचून आहे ते."

मधुकररावांचा भाचा इश्वर दाराशी उभा होता. त्याने नुकतंच लायसन काढलं होतं. "दादा, साधं पॅकिंगचं काम आहे. एका दिवसात होते."

"तू कर ना बे मंग. अना चालव बी तूच."

सुखराम रागात बोलून गेला. मधुकररावांनी ते तिथेच धरलं. "बरं. असंच ठरवू. रोवनं लागाच्या आधी गळती बंद झाली तं चाबी तुयाजवळ. नाई झाली तं इश्वरजवळ. मंजूर का जी सगळ्याइले?"

सगळ्यांना मंजूर होतं.

घरी केशरबाईने पाण्याचा लोटा पुढे केला. "काहून बोल्ले जी तसं?"

सुखरामने लोटा रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाला, "बाबा कसे बसून राहत होते ओट्यावर, ध्यानात आहे तुले? भाताचा वास घेत?"

"आहे."

"मले नाई बसाचं तसं."

दुसऱ्या दिवशी तो साकोलीला गेला. मोठ्या रस्त्यावर ट्रकांची कामं करणारा एक म्हातारा मिस्त्री होता. त्याच्याकडे सुखरामने पॅकिंगचा कागद आणि सांधा चिकटवायच्या शेलॅकची डबी मागितली. कशासाठी, ते सांगितल्यावर मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला.

"इतके साल जानूनबुजून गळू देल्लं? कायले?"

"बाप म्हने, गळू द्यावं."

"मंग बापालेच पाठवाचं होतं पॅकिंग न्याले."

"तो वारला मागच्या साली."

समोर ठेवलेला कागद मिस्त्रीने बाजूला सारला आणि आतून जाड, चांगला तुकडा काढून आणला. बैठक घासून सपाट केल्याशिवाय कागद बसवू नको, बोल्ट एकदम आवळू नको, शेलॅक पातळ लाव, असं सगळं सांगितलं. सुखराम निघाला तेव्हा मागून म्हणाला, "अना आयक. गरमात झाकन नको खोलू."

"मी तं रोजच खोलतो."

"रोज खोलनारा मानूस डोये घेऊन कसा काय फिरून राहिला बे?" मिस्त्री हसला. सुखरामही हसला. एक ट्रक मागे घेत होते, मिस्त्री ओरडत तिकडे गेला.

घरी येऊन सुखरामने रेडिएटरखालची तोटी उघडून पाणी काढलं, वरच्या पाइपाची क्लिप ढिली केली आणि ओतीव तोंडाचे बोल्ट काढले. तोंड सहज सुटलं नाही. लाकडाच्या तुकड्याने बाजूने हलके ठोके देत त्याने ते काढलं. इतक्या वर्षांच्या गळण्याने बैठकीवर पांढरा क्षार चढला होता आणि खाली धातू खाल्ला गेला होता. बारीक बारीक खड्डे, उंदराने कुरतडल्यासारखे. त्यावर कसलंही पॅकिंग ठेवलं असतं तरी पाण्याने वाट काढलीच असती.

बैठक सपाट करायला सपाट काहीतरी पाहिजे. केशरबाईचा पाटा मधे खोल गेलेला होता, दाराची फळी वाकलेली होती. गावात खरोखर सपाट अशी वस्तू म्हणजे काच. त्याने भिंतीवरची भय्याजींची तसबीर उतरवली. साकोलीच्या बाजारात काढलेला एकच फोटो होता तो.

"हे काय करता जी?" केशरबाई धावत आली.

"काच पाहिजे. परत लावतो."

"लोक काय म्हनतीन? बापाच्या फोटोची काच?"

"बापाचंच काम आहे."

मागचे खिळे वाकवून त्याने काच काढली, ओट्यावर गोणपाटावर ठेवली, तिच्यावर पॉलिश पेपर ओला करून अंथरला आणि ते ओतीव तोंड उपडं धरून घासायला बसला. गोल फिरवायचं, थोडं घासून उलटून पाहायचं, पुन्हा फिरवायचं. खड्डे आधी काळे दिसत होते, मग त्यांच्याभोवती चकचकीत धातू वाढत गेला आणि खड्डे बिंदूंएवढे उरले. कागदाबाहेर पडलेली वाळू काचेच्या कडेला रेघा ओढत होती, तिकडे त्याने पाहिलं नाही. दुपारी केशरबाईने हाक मारली तर म्हणाला, थांब.

इंजिनावरची बैठक त्याने धारेच्या पात्याने खरवडून काढली, भोकांत चिंध्या कोंबून, म्हणजे कचरा आत पडू नये. पॅकिंगचा कागद बैठकीवर ठेवून अंगठ्याने दाबला, त्यावर उमटलेल्या कडेवरून कात्रीने कापला, बोल्टांची भोकं पाडली. शेलॅक बोटाने पुसल्यासारखं लावलं. मग तोंड बसवलं आणि एक बोल्ट थोडा, दुसरा थोडा, पुन्हा पहिला, असं करत आवळलं. पाणी भरलं. इंजिन सुरू करून बराच वेळ चालू ठेवलं. मग चुलीतली राख आणून ट्रॅक्टरखाली पसरली.

सकाळी राखेवर एकही ठिपका नव्हता. मधुकरराव पाहायला आले, वाकून पाहिलं, राखेला बोट लावून पाहिलं. "कोरडी हाये," ते म्हणाले. इश्वरही आला होता. सुखरामने किल्ली खिशातून काढली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि पुन्हा खिशात टाकली.

त्या दिवशी पहिली चिखलणी मधुकररावांच्याच बांधीत होती. धुऱ्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. शेजारच्या, बैलांनी चिखल केलेल्या बांधीत त्याच दिवशी रोवणं लागलं होतं, केशरबाई तिथे बायांमध्ये होती. सुखराम एकही वेळ न उतरता बांधीभर फिरला. बाया ओरडल्या, "केशर, तुया ट्रॅक्टर हासून राहिला वो आज!" ऊन मोठं होतं. चिखल उडून रेडिएटरच्या जाळीवर बसत होता, त्यात तणसाचे तुकडे अडकत होते आणि वारा आत जायची वाट बुजत चालली होती. काटा तर बंदच होता.

इश्वर म्हणतो, सुखराम सारखा पुढे वाकून त्या सांध्याकडे पाहत होता. सांधा कोरडा होता. कोरडा असण्यासाठीच तो बसवला होता. पण इतकी वर्षं त्याने कोरड्याचा एकच अर्थ लावला होता, की आतलं पाणी संपलं. तुडूम कोरडं दिसलं की पारीवर चढून पाणी पाहायचं. त्याने धुऱ्याशी ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरला आणि खांद्यावरचा गमछा काढला.

"काय झालं गा?" इश्वरने विचारलं.

"काई नाई. पानी पायतो."

त्याने झाकण नेहमीसारखं दाबून फिरवलं. नेहमी ते सहज फिरायचं. या वेळी घट्ट लागलं, म्हणून तो त्यावर वाकला आणि जोर केला.

आवाज रोवणाऱ्या बायांपर्यंत गेला. केशरबाईने वर पाहिलं तेव्हा ट्रॅक्टरच्या तोंडातून पांढरा खांब उभा होता आणि त्याच्या मागे सुखराम दिसत नव्हता. ती हातातले पऱ्हे टाकून चिखलातून पळत आली. तो बांधीत गुडघ्यांवर पडून चिखलाचं पाणी तोंडावर घेत होता. "केशर," तो म्हणाला, "झाकन कुठं गेलं पाय."

इंजिन थंड व्हायला, पाणी भरायला वेळ लागला. बैलगाडीने जावं की थांबावं यावर धुऱ्यावर वाद झाला. शेवटी ट्रॉली जोडली आणि इश्वरने ट्रॅक्टर चालवत त्याला साकोलीच्या दवाखान्यात नेलं. ट्रॉलीत केशरबाईच्या मांडीवर त्याचं डोकं होतं. तोंडावर लुगड्याचा ओला पदर. वाटेत त्याने एकदाच विचारलं, "कोन चालवते?"

"इश्वर."



साकोलीहून भंडाऱ्याला पाठवलं. उजवा डोळा गेलाच. डाव्याने त्याला दिवस आहे की रात्र एवढं कळे, दाराशी कोणी उभं राहिलं तर सावली कळे. काही महिन्यांनी तो परत आला तेव्हा रोवणं केव्हाच आटोपलं होतं, धान निसवला होता आणि चाबी इश्वरकडे होती. कोणी ती त्याच्याकडून काढून घेतली नव्हती. ती ट्रॅक्टरलाच राहिली होती.

भय्याजींची तसबीर केशरबाईने पुन्हा लावली. काचेच्या कडेने पांढऱ्या रेघा होत्या, त्या पुसल्या गेल्या नाहीत.

सुखराम ओट्यावर बसू लागला. ट्रॅक्टर घरावरून गेला की मान तिकडे वळवायचा आणि इश्वर दिसत नसतानाही विचारायचा, "थेंब पडते का रे?" इश्वर सुरुवातीला टाळायचा, ट्रॅक्टर जोरात काढायचा. नंतर थांबून सांगायला लागला.

"नाई गा दादा. कोरडा आहे."

"बरं."

भाताचा वास आला तरी तो जागचा हलत नसे. केशरबाईला हाक मारावी लागे. पहिल्यांदा मारली तेव्हा तिला भय्याजी आठवले, ती चुलीपाशी तशीच बसून राहिली, आणि मग दुसऱ्यांदा मारली.

पॅकिंग चार पावसाळे टिकलं. १९८६ च्या चिखलणीत इश्वर ट्रॅक्टर घेऊन घरापुढे थांबला. इंजिन बंद केलं. ओट्याशी येऊन उभा राहिला.

"दादा, थेंब पडून राहिला."

सुखराम उठला. भिंतीला धरून खाली आला. इश्वरने त्याचा हात धरून इंजिनाशी नेलं. त्याने बोटं आधी त्या सांध्याला लावली, ओलं लागलं, चटकाही बसला. मग हात पुढे सरकवत रेडिएटरच्या झाकणावर नेला. गमछा घडी करून झाकणावर ठेवला आणि त्यावर तळहात.

"थंड होऊ दे," तो म्हणाला. "मंग खोल."

"दादा, धुऱ्यावर मानसं उभे आहेत. मामाजी बोंबलून राहिले."

"उभे राहू दे."

रस्त्यावरून मधुकरराव आले. म्हातारे झाले होते. "किती टाइम गा सुखराम? पानी उतरून राहिलं बांधीतलं."

"मी सांगन तवा."

नंतर आणखी दोघं तिघं येऊन विचारून गेले. माया बांधीत कवा येते, आज होते का नाई. सुखराम प्रत्येकाला तेच सांगत होता. हात त्याने काढला नाही. ऊन सरकलं, ट्रॅक्टरची सावली ओट्यावर चढली. मग त्याने गमछा काढला, उघडा तळहात झाकणावर ठेवून पाहिला आणि स्वतःच ते फिरवलं. काही झालं नाही. "आता घे पाना," तो इश्वरला म्हणाला.

बैठक इश्वरने घासली. सुखराम मधे मधे त्यावरून बोट फिरवून सांगत होता, इथं अजून, इथं झालं. या वेळी काच सोसायटीच्या खिडकीची होती.

ट्रॅक्टर गेला. केशरबाई आत भात वाढत होती. तिने अजून हाक मारली नव्हती, तोच भिंत चाचपत सुखराम आला आणि पाटावर बसला. तिने ताट पुढे सरकवलं, त्याचा हात ताटाला लावून दिला.

दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा हाक मारावी लागली.